दप्तरातली निळी कादंबरी

८ जानेवारी १९५९, गुरुवार

गणपत मास्तर आज वाचनालयात आले ते पुस्तक बदलायला नव्हे. हायस्कुलाचे हेडमास्तर म्हणून ते एरवीही ताठ चालतात, आज जरा जास्तच ताठ होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि कागद स्वतःच सोडवला. निळ्या कव्हराची कादंबरी. पहिल्या पानावर आमच्या वाचनालयाचा शिक्का, किंचित तिरका. तो मीच मारलेला.

दहावीच्या वर्गात कुणाची तरी कंपासपेटी हरवली म्हणून त्यांनी सगळ्यांची दप्तरं उघडायला लावली, तेव्हा एका मुलीच्या दप्तरात हे निघालं. "मुलीचं नाव मी सांगणार नाही, हरिश्चंद्रराव," असं म्हणताना ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होते. मी म्हटलं, सांगू नका, मीही विचारणार नाही. वाचकाचं नाव वाचनालयाबाहेर जात नाही, हा माझा नेम आहे. 

मला विचारायची गरजही नव्हती. डिसेंबरात हे पुस्तक मी विमलाला दिलं होतं. हौसाबाई म्हणून आमच्या किनाऱ्यावर मासे विकते, तिची मुलगी. हुशार पोर आहे.

मास्तरांचा राग एका प्रकरणावर आहे. कादंबरी पुण्याच्या कुणा नव्या लेखिकेची. सोळा वर्षांच्या मुलीचं वयाने मोठ्या माणसाशी लग्न होतं, ती सासर सोडते आणि इस्पितळात नर्सचं काम शिकते, अशी गोष्ट. त्यात लग्नानंतरच्या पहिल्या रात्रीचं प्रकरण आहे. चार-पाच पानांचं. मी प्रत्येक पुस्तक वाचूनच शिक्का मारतो, तेव्हा हेही वाचलं होतं. एक शब्द वावगा नाही. मुलगी घाबरलेली आहे आणि तिला कुणीच काही सांगितलेलं नाही, एवढंच त्यात आहे. गिरगावातल्या छापखान्यात बावीस वर्षं मी अक्षरांचे खिळे जुळवले. वाईट मजकूर कसा असतो हे मला बोटांनी कळतं.

मास्तरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही तुमच्या वयाने वाचता, ती पोरं त्यांच्या वयाने वाचतात. मी म्हटलं, वाचू देत की.

जेवताना घरात हा प्रसंग रंगवून सांगितला. जानकीने सोलकढी वाढता वाढता वाटीबाहेर ओतली. आता चार महिन्यांत सासरी जायची मुलगी; तिला म्हटलं, हात जरा जपून. बायकोने, सुगंधाने, मला भात वाढला आणि सांडलेलं पुसून घेतलं.


११ जानेवारी, रविवार

भाई आले होते. भाई आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. आंब्याच्या बागा आहेत, गावात शब्दाला मान आहे, पण माझ्यापुरते ते शाळेत माझ्या शेजारी बसून माझंच गणित उतरवणारे भाई. वाचनालयाला जागा त्यांनीच दिली. पूर्वी तिथे त्यांच्या वडिलांची मिठाची वखार होती. अजून दमट दिवसांत भिंतीला मीठ फुटतं आणि मी पुस्तकं पुढे ओढून ठेवतो.

आधी लग्नाचं बोलणं झालं. भाईंची बहीण राधाबाई वालावलला दिलेली आहे. तिचा मुलगा सत्यवान मुंबईत गिरणीच्या ऑफिसात आहे. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, वय एकतीस. हे स्थळ भाईंनी आणलं तेव्हा मला भरून आलं होतं. मुलगा बिजवर आहे खरा, पण माणसं माहितीची. दिवाळीत त्यांनी जानकीला पाहिलं, पसंत केलं. जानकी तेव्हा काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पसंत आहे. तिची दहावीची परीक्षा झाली की वैशाखात करायचं ठरलं.

मग भाईंनी चहाची कपबशी बाजूला ठेवली आणि पुस्तकाचा विषय काढला. मास्तर त्यांच्याकडेही जाऊन आले होते. भाईंचं म्हणणं, कादंबरी गुपचूप कपाटातून काढ, विषय वाढवू नको. मी नाही म्हटलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "हरी, तुझ्याय घरात चेडू आसा. जरा इचार कर."

माझ्या मुलीचा विषय काढला ते मला लागलं. हे धमकावणं झालं. पुस्तक काढलं नाही तर सोयरीक मोडेल, असंच ना? मी ताडकन सांगितलं की वाचनालय वेगळं आणि सोयरीक वेगळी. भाई माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जसं काही त्यांचं बोलणं मलाच कळलं नव्हतं. जाताना सुगंधाशी पडवीत काहीतरी बोलले. मी विचारलं तर म्हणाली, आंब्याच्या मोहोराचं बोलत होते.


१९ जानेवारी

ठराव आला. मास्तरांच्या आणि आणखी काही वर्गणीदारांच्या सह्या आहेत. अठरा वर्षांखालच्या कुणालाही कादंबरी देऊ नये. 'शंकास्पद' पुस्तकं वेगळ्या कपाटात ठेवून कुलूप लावावं आणि किल्ली अध्यक्षांकडे असावी. त्या निळ्या पुस्तकातलं ते प्रकरण काढून टाकावं. २२ फेब्रुवारीला सर्वसाधारण सभा.

'शंकास्पद' हा शब्द वाचून मला हसू आलं. कुणाला शंका, हे लिहायचं राहिलं.

मला भीती वाटत नाही. उलट बऱ्याच दिवसांत एवढं ताजंतवानं वाटलं नव्हतं. मुंबईत असताना सभा पुष्कळ ऐकल्या, बोलायची संधी आता आली आहे. आज संध्याकाळी दहावीतली दोन मुलं आली आणि दारातच घुटमळली. पुस्तकं मिळणार की बंद झाली, हे त्यांना कळेना. मी त्यांना आत बोलावलं, चारी कपाटं उघडून दाखवली आणि सांगितलं, हात लावून बघा, हवं ते न्या. एकाने शार्क माशांवरचं नेलं, दुसऱ्याने प्रवासवर्णन. कादंबरीला कुणी हात लावला नाही. ठराव पास व्हायच्या आधीच काम करू लागला आहे.


२७ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

दुपारी हौसाबाई मासे संपवून रिकामी पाटी घेऊन वाचनालयात आली. आजवर ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. बाजारात सगळे तिला म्हणतात की तुझ्या पोरीने घाण पुस्तक वाचलं. विमलाला विचारलं तर म्हणते, घाण नाही. मग हिने ठरवलं की आपण बघायचं. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, "माझ्या चेडवान काय वाचल्यान ता माका कळाक व्हया. वाचा."

मी जरा चपापलो. परक्या बाईसमोर ते प्रकरण मोठ्याने वाचायचं? वाचनालयात बसून पुरुष माणसाने? पण सभेत हेच पुस्तक निर्दोष आहे म्हणून सांगणार आणि इथे वाचायला लाजणार, असं कसं चालेल. मी सुगंधाला बोलावून आणलं आणि दोघींना बाकावर बसवून वाचलं. सुरुवातीला माझा आवाज फार बारीक येत होता. हौसाबाई म्हणाली, मोठ्यान. मग मी मोठ्याने वाचलं.

प्रकरण संपलं. हौसाबाईने पदराने तोंड पुसलं. उठली, पाटी काखेला लावली आणि एवढंच म्हणाली, "ह्यात खोटा काय आसा?" आणि गेली.

सुगंधा तशीच बसून होती. मी तिला म्हटलं, बघ, साध्या बाईलाही पटलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली की पुस्तक तिने आधीच वाचलं आहे. मला आश्चर्य वाटलं. कधी वाचलंस विचारलं, तर म्हणाली, घरात होतं तेव्हा. हे पुस्तक आमच्या घरात कधी आलं? मी शिक्का मारायच्या आधी एक-दोन दिवस घरी ठेवलं असेल, तेव्हाच.


३ फेब्रुवारी

मास्तरांनी मला हायस्कुलात बोलावून घेतलं. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी मला वर्गांवरून फिरवलं. दहावीत मुली किती, अकरावीत किती, ते नुसतं दाखवलं. एका बाकावर मावतील एवढ्या. "या मुली इथे याव्यात म्हणून मी एकेका घराच्या पायऱ्या झिजवल्या आहेत," ते म्हणाले. "बाप मला विचारतात, शाळेत पाठवून मुलगी बिघडणार नाही ना? मी शब्द दिला आहे. उद्या हे पुस्तक गावभर झालं, की पहिल्यांदा मुली शाळेतून काढतील. पुस्तक तुमच्या कपाटात राहील आणि वाचणारीच जाईल."

मी उत्तर दिलं की भीतीने उघडलेली शाळा भीतीनेच बंद होईल. वाक्य चांगलं होतं. पण घरी येताना ते मला तितकंसं चांगलं वाटेना. मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांनी ज्या घरांच्या पायऱ्या झिजवल्या, त्यातल्या एकाही घरी मी गेलेलो नाही.

समजा मी जिंकलो आणि मुली घरी बसल्या, तर? तरीही एकदा कपाटाला कुलूप लागलं की आत काय जाईल ते कोण ठरवणार? आज हे, उद्या ज्या पुस्तकात कुणी सावकाराला नाव ठेवलंय ते, परवा ज्यात कुणी देवाला प्रश्न विचारलाय ते. किल्ली असली की ती वापरावीशी वाटते. मी किल्ली होऊ देणार नाही, एवढं नक्की.


१० फेब्रुवारी

भाई परत आले. या वेळी थेट वाचनालयात, दुपारी कुणी नसताना. खिशातून दाढीचं पातं काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, ठराव मी मागे घ्यायला लावतो, कुलूप नको, वयाची अट नको. फक्त ती पानं तू तुझ्या हाताने काप. सभा होणार नाही, कुणी उभं राहून काही बोलणार नाही, विषय मिटेल.

मी पात्याला हात लावला नाही. ज्याने आयुष्यभर एकेक अक्षर उचलून ओळीत बसवलं त्याला तुम्ही पानं कापायला सांगता, असं म्हटलं.

भाईंचा आवाज चढला नाही, उलट बसला. "हरी, सभा होव नये म्हणान मी धडपडतंय. तुझ्यासाठी. तुका कसा कळणा नाय?"

मला एवढंच कळलं की भाई घाबरले आहेत. सभेत हरू, अध्यक्षपदाची शोभा जाईल, म्हणून. जुन्या मित्राची दया आली. मी त्यांना चहा घेता का विचारलं. ते पातं खिशात घालून निघून गेले.


२१ फेब्रुवारी

भाषण तयार आहे. सुगंधाला वाचून दाखवलं. शेवटचा मुद्दा माझा मलाच फार आवडला आहे: आपण सगळे ज्या पोरांबद्दल ठरवतोय, त्यांना कुणी विचारलंय का? ज्या मुलीने पुस्तक वाचलं, तिचं म्हणणं कुणी ऐकलंय का? मी सभेत सांगणार की तिला बोलू द्या. विमला येणार आहे आईबरोबर. ती नीट बोलेल याची मला खात्री आहे.

सुगंधाने ऐकलं आणि विचारलं, हे नक्की म्हणणार का? मी म्हटलं, म्हणजे काय. मग म्हणाली, उद्या मीही सभेला येते, जानकीलाही आणते. आजवर ती एकाही सभेला आलेली नाही. मला फार बरं वाटलं. बायकोने आपलं भाषण ऐकावं असं कुणाला वाटत नाही?

जानकी मात्र आज जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.


२३ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज सकाळी लिहीत बसलो आहे.

सभा दत्तमंदिराच्या मंडपात भरली. एवढी माणसं कधीच नव्हती. पुरुष पुढे, बायका मागे खांबाजवळ. मास्तरांनी ठराव मांडला. चांगलं बोलले, शाळेत मुली किती ते वर्गवार मोजून सांगितलं. मग मी बोललो. माझंही भाषण चांगलं झालं. कुलपाबद्दल बोललो तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. शेवटी मी तो मुद्दा मांडला: वाचणारीला बोलू द्या.

भाई अध्यक्षांच्या खुर्चीवरून अर्धवट उठले. म्हणाले, त्याची गरज नाही, आपण थेट मत घेऊ. मी म्हटलं, अध्यक्षमहाराज, गरज आहे. आणि खांबाकडे हात केला. विमला हौसाबाईला चिकटून बसली होती. ती उठली नाही.

तिच्या पलीकडे जानकी उठली.

मला वाटलं, विमलाला धीर द्यायला उठली. भाई म्हणाले, "चेडवा, बस गो." जानकी बसली नाही. सुगंधाचा हात तिच्या पाठीवर होता, तेवढं मला दिसलं.

तिने शाळेत शिकवतात तशा शुद्ध भाषेत सुरुवात केली. सन्माननीय अध्यक्ष आणि सभासद. पुस्तक माझ्या दप्तरात सापडलं. विमलाने वाचून ते मला दिलं होतं. मास्तरांनी माझं नाव सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. एवढं म्हणून ती थांबली, आणि पुढचं आमच्या बोलीत आलं.

"मी ता पुस्तक परत परत वाचलंय. त्या प्रकरणात वंगाळ काय नाय. ता चेडू भियाता. वैशाखात माझा लगीन आसा. मीय भियातंय. माका ह्या लग्नाबद्दल कोणी कायच इचारूक नाय. त्या पुस्तकान इचारल्यान."

आणि बसली.

मला कॅलेंडराकडे बघणारे मास्तर आठवले. आणि दाढीचं पातं घेऊन आलेले भाई. सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांना, भाईंना, सुगंधाला, वर्गातल्या पोरांना सुद्धा. मी एकटा दुसऱ्याच्या पोरीसाठी भाषण करत होतो.

इथे खरं लिहितो. त्या क्षणी माझ्या मनात आलं की हिने हे वाचलं नसतं तर बरं झालं असतं. पुस्तक कपाटात असतं, कुलपात असतं, कुठेही असतं, पण हिच्या हातात नसतं. फार तर दोन श्वास घेण्याइतका वेळ मी मास्तरांच्या बाजूला होतो, त्यांच्याही पुढे होतो.

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ग्रंथपालाचीच मुलगी, मग तो पुस्तकाची बाजू घेणारच. त्याने मी भानावर आलो. मी उभाच होतो. म्हटलं, "होय, माझीच मुलगी. माका आत्ता कळला. मघापर्यंत दुसऱ्याच्या चेडवासाठी भांडत होतंय, ता सोपा होता. पण माझा म्हणणा बदलूक नाय. कपाटाक कुलूप नको." यापेक्षा जास्त बोलता आलं नाही. कालपर्यंत पाठ केलेलं सगळं जागच्या जागी होतं आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

हात वर झाले, मोजले गेले. कुलपाचा आणि वयाच्या अटीचा ठराव थोडक्या मतांनी पडला. भाईंनी ठरावाच्या बाजूने हात वर केला होता आणि तो पडल्याचं त्यांनीच खणखणीत आवाजात जाहीर केलं. प्रकरण काढण्यावर वेगळं मत घेतलं, तेव्हा गणपत मास्तरांचा हात खालीच राहिला. शेजारच्याने कोपराने ढोसलं तर म्हणाले, पुस्तक फाडायला मी हात वर करणार नाही, मी शिक्षक आहे. ते ऐकून आणखी काही हात खाली आले आणि तोही ठराव पडला.

भाई सही करून कुणाशी न बोलता गेले. मी सुगंधाला एवढंच विचारलं, मला आधी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतं का?

मी विचार केला. केलं असतं, असं छातीठोक लिहावंसं वाटतं. लिहीत नाही.


२४ फेब्रुवारी

जानकीशी बोललो. विहिरीवर ती कपडे धूत होती, मी तिथेच कठड्यावर बसलो. विचारलं, तुला काय हवं आहे. आधी तिला खरंच वाटेना. मग म्हणाली, तिला अकरावी करायची आहे. त्यापुढचं ठरवलं नाही. सत्यवान वाईट असेल असं ती म्हणत नाही. त्याला बघून तिला भीती वाटते आणि लग्न आत्ता नको आहे.

मी विचारलं, त्या कादंबरीतल्या मुलीसारखं नर्स व्हायचं आहे का. तिने तोंड वाकडं केलं. "ती बाय माका आवडूक नाय, बाबा. भारी रडता. शेवटची पानां तर लेखिकेन घाईघाईत लिवल्यानी."

मी हसलो. ते मलाही वाटलं होतं. मास्तर म्हणतात पोरं पुस्तक वाचून त्याच्यासारखी होतात. ही तर पुस्तकाच्या चुका काढते आहे. मग बराच वेळ आम्ही त्या शेवटच्या प्रकरणावर बोललो. सोळा वर्षांत माझ्या मुलीशी मी एवढा वेळ बोललो नव्हतो. ती काय वाचते, हे गावाला माझ्या आधी कळलं, याचं वाईट वाटायचं सोडून मला तिथे बसून मजा येत होती.

वालावलला जाऊन शब्द मागे घ्यावा लागेल. कधी, ते ठरवलं नाही. जायचं हे ठरलं.


२६ फेब्रुवारी

मास्तर म्हणाले तसं झालंच. नववीतल्या मथुराला तिच्या बापाने कालपासून घरी बसवलं. मास्तर वाचनालयात येऊन हे सांगून गेले, पण टोमणा मारला नाही. मी छत्री घेतली आणि त्यांच्याबरोबर निघालो. उन्हात डोंगरापलीकडे चाललो. मथुराचा बाप काजूच्या बागेत होता. मास्तर बोलले, मग मी बोललो. माझी वाक्यं इथे चालत नाहीत हे लवकरच कळलं, तेव्हा मी गप्प बसलो आणि तो काय म्हणतो ते ऐकलं. त्याने हो म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. निघताना आम्हाला काजूची बोंडं दिली.

येताना मास्तर म्हणाले, हे असं सहा-सहा वेळा जावं लागतं. मी म्हटलं, मग सहा वेळा येतो.


१ मार्च, रविवार

आज वालावलला जाऊन आलो.

पहाटे खाडीच्या तरीवर पोचलो, तर होडीत भाई आधीच बसलेले. धोतर, कोट, टोपी, सगळं प्रवासाचं. सभेनंतर आमचं बोलणं नव्हतं. सुगंधाने त्यांना कळवलं असणार. मी शेजारी बसलो. होडी मध्यावर गेल्यावर ते पाण्याकडे बघत म्हणाले, "एकटो जाव नको. माझी भयण आसा ती. तुका पायरेर उभो करुची नाय."

दोन एसटी बदलून, पुढे चालत पोचेपर्यंत दुपार झाली. राधाबाई ओटीवर सुपारी सोलत होती. भावाला बघून खूश झाली, मग आमची तोंडं बघून थांबली. मी फार फिरवलं नाही. सांगितलं की लग्न होणार नाही, दोष तुमच्या मुलाकडे नाही, माझ्याकडे आहे. मुलीच्या मनात नाही.

राधाबाईने सुपारी खाली ठेवली. बोलली ते सगळं मी लिहीत नाही, आणि तिचं चुकलंही नाही. घरात तयारी सुरू झाली होती. बायको गेलेल्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. शेवटी म्हणाली, "चेडवाक कोण इचारता?"

"मी इचारलंय," मी म्हटलं. "उशिरा इचारलंय. तेचो त्रास तुमका झालो."

ती उठून आत गेली ती बाहेर आली नाही. भाईंनी बहिणीच्या घरी पाणीही घेतलं नाही, माझ्याबरोबर उठले.

कुडाळच्या स्टँडवर एसटीला वेळ होता. भाईंनी दोन चहा सांगितले. आम्ही दोघे म्हातारे बाकावर बशीत फुंकर घालत बसलो. मला वाटलं, आता ते म्हणतील की एका पुस्तकापायी माझ्या बहिणीचं घर दुखावलंस. म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी बशी पालथी केली आणि विचारलं, ती कादंबरी किती पानांची आहे.

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढे दिवस भांडले, पातं घेऊन आले, सभेत हात वर केला. "भाई, तुमी ता वाचूकच नाय?"

ते मान हलवून म्हणाले, मास्तरांनी सांगितलं तेवढं पुरे वाटलं होतं. "आता माका दी. आधी वाचतंय, मगे तुझ्याशी नीट भांडतंय."

वाचनालयाचे अध्यक्ष, जागेचे मालक, माझे मित्र, आणि आज दिवसभर माझ्यासाठी उन्हात चाललेले. तरीही मी त्यांना खरं तेच सांगितलं. पुस्तक बाहेर गेलं आहे, आणि सभेपासून त्याला रांग लागली आहे. (कोण ते सांगितलं नाही, इथे लिहितो: दहावीतल्या दोन मुली, अकरावीतला एक मुलगा, गणपत मास्तरांची बायको.) नाव नोंदवावं लागेल.

एसटी आली. भाई चढले, खिडकीशी बसले, कोट सारखा केला.

"नोंदव," ते म्हणाले. "थांबतंय."